मांजराचें गळणारें नाक

नांदेड जिल्ह्यांतील नायगांवकडच्या शेतकरी घरांत मांजर हें हौसेपेक्षां गरजेचें जनावर. ज्वारीचीं पोतीं उंदरांपासून राखणें हें त्याचें काम. असें मांजर शिंकूं लागलें, नाक गळूं लागलें, कीं ‘पडसें आहे, उतरेल’ असें म्हणून सोडून देण्यांत येतें. बहुधा तें उतरतेंहि. खरा धोका उपासाचा. मांजर अन्नाची पारख वासानें करतें. नाक चोंदलें कीं पुढ्यांतली मासळीहि त्याला निर्गंध, म्हणून अखाद्य वाटते. दोन-तीन दिवस पोट रिकामें राहिलें, तर शरीरांतील चरबी यकृतांत सांचूं लागते आणि साधें पडसें जिवावर बेततें.

बहुतेक पडशांच्या मुळाशीं मांजरांचा हर्पीस व कॅलिसी हे दोन विषाणु असतात. माणसाला त्यांची बाधा होत नाहीं. हर्पीस एकदां शिरला कीं जन्मभर मज्जातंतूंत दडून राहतो. बाळंतपण, नवें घर, नवें मांजर अशा ताणानंतर सुमारें आठवड्यानें तो पुन्हा डोकें वर काढतो. व्यालेल्या मांजरीकडून पिलांना पडसें जडतें तें पुष्कळदां यामुळेंच. कॅलिसीनें जिभेवर व्रण पडतात, आणि तो भांड्यांवर कित्येक दिवस टिकतो. तेव्हां आजारी मांजराची ताटली निराळी असावी.

दोन्ही नाकपुड्यांतून पाण्यासारखा स्राव येत असून मांजर खात असेल, तर फारशी चिंता नको. पिवळा-हिरवा झाला कीं पू धरल्याचें समजावें. एकाच नाकपुडीतून येणारा स्राव मात्र संशयास्पद. पावसाळा सरतां सरतां माळावरचें कुसळी गवत पिकतें. रानांत हिंडणाऱ्या मांजराच्या नाकांत त्याचें कुसळ शिरलें, तर औषधाच्या बाटल्या ओतून तें निघत नाहीं. तेथें पशुवैद्याचा चिमटाच हवा. वयस्क मांजरांत किडक्या दाताचें मूळ किंवा गांठहि असूं शकते. नाकाचा उंचवटा सुजला, तर पारव्यांच्या विष्ठेंत वाढणाऱ्या बुरशीचाहि विचार करावा लागतो.

घरीं करण्याजोगें थोडेंच आहे. कोमट पाण्यांत भिजविलेल्या मऊ कापडानें नाक पुसावें. चुलीच्या धुरापासून मांजर दूर ठेवावें. न्हाणीघरांत कढत पाण्याची झांकलेली नव्हे, उघडी बादली त्याच्या आवाक्याबाहेर ठेवून, दार लावून दहा मिनिटें वाफ घेऊं द्यावी. त्या पाण्यांत कापूर वा निलगिरी घालूं नये, बाम तर चोळूंच नये. मासळी जराशी ऊन करून द्यावी, म्हणजे वास उठतो. तींत कांदा-लसूण नसावा.

आणि घरोघरीं तापासाठीं ठेवलेली पॅरासिटामॉलची गोळी! माणसाचें यकृत जिला सहज निकामी करतें, तिला तोंड देण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत जवळजवळ नाहीं. रक्ताला प्राणवायु वाहतां येत नाहीं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतें. एका गोळीनें मांजर मरतें. चुकून दिली गेली असेल, तर लक्षणांची वाट न पाहतां तत्काळ दवाखाना गांठावा. प्रतिजैविकांनीं विषाणु मरत नाहींत. तीं पुवासाठीं, आणि तींहि पशुवैद्यानें दिलीं तरच. डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी गिळविल्यास अन्ननलिकेंत अडकून जखम करते. मागाहून थोडें पाणी पाजावें.

मांजरानें दिवसभर अन्न सोडलें, तोंडानें श्वास घेऊं लागलें, किंवा नाकांतून रक्त आलें, तर थांबूं नये. गांवच्या दवाखान्यांत निभलें नाहीं, तर शेजारच्या लातूर जिल्ह्यांत उदगीर येथें १९८७ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पिलूं सहा ते आठ आठवड्यांचें झालें कीं लस टोंचावी, आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें पुन्हा टोंचावी. लसीनें पडसें अजिबात टळतेंच असें नाहीं. तें सौम्य होतें, आणि पिलूं खात राहतें.