करवंद : कोरड्या डोंगरउतारावरील फळ व औषध

उन्हाळ्यात ठाणे शहरातील टेंभी नाका व स्थानक परिसरात करवंदे विकावयास येतात. शहापूर-मुरबाडच्या डोंगरांतून ती वेचून आणणाऱ्या आदिवासी भगिनींना, शेतीची कामे थांबलेली असताना, या फळापासून चार पैसे मिळतात.

ठाणे जिल्ह्यात पाऊस चार महिने भरपूर पडतो. परंतु मुरमाड उतारावरून पाणी वाहून जाते आणि पुढे आठ महिने जमीन कोरडी राहते. अशा जागीही करवंद तग धरते. त्याच्या जाड, चकचकीत पानांतून बाष्पीभवन कमी होते, मुळे खडकाच्या भेगांत खोल शिरतात आणि काट्यांमुळे गुरे त्यास सहसा तोंड लावीत नाहीत.

आयुर्वेदात यास 'करमर्द' म्हणतात. कच्चे फळ आंबट व स्तंभक असून ते लोणच्यात वापरतात. पिकलेले फळ तहान भागविणारे, रुचकर व पित्तशामक मानले जाते; त्यात 'क' जीवनसत्त्वही असते. पानांचा काढा तापावर, तर मूळ जंत व खरजेवर देण्याची जुनी प्रथा आहे.

मुळाच्या बाबतीत मात्र सावधगिरी बाळगावी. करवंद हे कण्हेरीच्या कुळातील झुडूप असून त्याच्या मुळात हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये आढळली आहेत. म्हणून वैद्यकीय सल्ल्याशिवाय मूळ पोटात घेऊ नये. तापाच्या रोग्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. शिवाय, मूळ खणले की झुडूप मरते व उताराची माती सुटते. फळ दरवर्षी मिळते, मूळ एकदाच.

लागवडीसाठी पिकलेल्या फळांतील ताजे बी लगेच पेरावे. साठविल्यास त्याची उगवणशक्ती झपाट्याने घटते. पिशवीत वाढविलेली रोपे पुढील पावसाळ्याच्या आरंभी बांधावर कुंपणासाठी सुमारे १ मीटर अंतरावर लावावीत. पाणी साचणारी जागा टाळावी. पहिल्या उन्हाळ्यात थोडे पाणी द्यावे. रोपे रुजल्यावर त्याची फारशी गरज भासत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळे धरू लागतात. मोठ्या फळांसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' हा वाण दिला आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सरपणासाठी होणारी करवंदीची तोड थांबविण्यास ग्रामस्थांना प्रवृत्त करावे आणि महिला गटांना लोणचे, सरबत व जेली करण्यास शिकवावे. ताजे फळ दोन-तीन दिवसांतच खराब होते. टिकाऊ पदार्थ केल्यास त्याचा मोबदला पावसाळ्यातही मिळू शकतो.