पहिला हँडिकॅप : खेळातला पासंग

तराजू हाती घेणारा जाणता व्यापारी माल टाकण्यापूर्वी दोन्ही रिकामी पारडी उचलून पाहतो. काटा एका बाजूला झुकला, तर हलक्या पारड्यात लहानसे वजन ठेवून तो समतोल साधतो आणि मगच मापाला आरंभ करतो. त्या लहानशा वजनाला आपल्या बाजारपेठेत पासंग म्हणतात. पासंग हा मालाचा भाग नव्हे, तसाच दुकानदाराचा गुण नव्हे की दोषही नव्हे. व्यवहार न्याय्य व्हावा म्हणून केलेली ती पूर्वतयारी होय. गोल्फच्या खेळात ज्याला हँडिकॅप म्हणतात, तो असाच एक पासंग आहे.

भुलेश्वर-काळबादेवीच्या पेढ्यांवरून उपनगरांत आलेली अनेक व्यापारी कुटुंबे आज मीरा-भाईंदर आणि घोडबंदरच्या पट्ट्यात स्थिरावली आहेत. पुढील पिढीने व्यवसाय सांभाळला, मुले शिकली आणि आता कुठे घरातील कर्त्या माणसाला स्वतःच्या प्रकृतीसाठी पहाटेचे दोन-तीन तास मिळू लागले. त्यांपैकी काही जण गोल्फकडे वळले आहेत. घोडबंदरहून गायमुखचा घाट ओलांडून, अवजड वाहनांच्या रांगा लागण्यापूर्वी ठाणे गाठायचे आणि तेथून पूर्व द्रुतगती महामार्गाने १९२७ मध्ये स्थापन झालेल्या चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबकडे किंवा सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी उभारलेल्या मैदानाकडे जायचे, असा हा प्रवास असतो. शिक्षकाकडून धडे घेऊन होतात, साहित्य खरेदी होते, सभासदत्व मिळते. त्यानंतर एके दिवशी नावापुढे एक अधिकृत आकडा लागतो आणि आजवर आनंदाने खेळणारा माणूस अस्वस्थ होतो. त्या अस्वस्थतेचे कारण आकड्यात कमी आणि आकड्याविषयीच्या गैरसमजात अधिक असते.

टोपीतला हात

हँडिकॅप हा शब्द मुळात खेळाचा नाही, सौद्याचा आहे. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये ‘हँड इन कॅप’, म्हणजे टोपीत हात, नावाचा एक प्रकार चाले. दोघांना आपापल्या वस्तूंची अदलाबदल करायची असे. परंतु वस्तू समान किमतीच्या नसत. मग तिसरा माणूस पंच होई आणि हलक्या वस्तूच्या मालकाने वर किती रक्कम द्यावी ते सांगे. दोघेही टोपीत हात घालीत आणि हात कसा बाहेर आला, त्यावरून सौदा मान्य की अमान्य हे ठरे. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याने १६६० मध्ये या खेळाचा उल्लेख केला आहे.

आपल्या वाचकांना हे वाचून रुमालाखालची ‘हत्ता’ पद्धत आठवल्यावाचून राहणार नाही. कापडाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची ती रीत आपल्याकडील बाजारांत दीर्घकाळ होती. पुढे बाजार समित्यांच्या नियमांनी तिच्या जागी उघड लिलाव आणला.

अठराव्या शतकात हा शब्द इंग्लंडच्या घोड्यांच्या शर्यतीत गेला. वेगवान घोड्याच्या पाठीवर अधिक वजन द्यायचे, म्हणजे सर्व घोड्यांना संधी समान राहते, अशी ती कल्पना. ज्या घोडबंदरचे नाव घोड्यांच्या व्यापारावरून पडले असे सांगतात, तेथील रहिवाशांना ही वाट विशेष जवळची वाटावी. शर्यतीतून हा शब्द गोल्फमध्ये आला. मात्र तेथे त्याची दिशा पालटली. बलवानावर वजन लादण्याऐवजी दुबळ्याला काही फटक्यांची सूट मिळू लागली. सौदा, शर्यत आणि खेळ या तिन्ही ठिकाणी मूळ प्रश्न एकच राहिला : दोन असमान पक्षांत न्याय्य व्यवहार कसा करावा?

आकडा कसा निघतो

२०२० पूर्वी जगात हँडिकॅप मोजण्याच्या सहा प्रमुख पद्धती होत्या. त्या वर्षीच्या जानेवारीत जागतिक हँडिकॅप पद्धती सुरू झाली आणि त्या सहांच्या जागी एकच माप आले. भारतात या खेळाचे नियमन इंडियन गोल्फ युनियनकडे आहे. नव्या खेळाडूने अठरा होलच्या तीन फेऱ्यांची, किंवा नऊ व अठरा होलच्या मिळून ५४ होलची कार्डे सादर केली, की त्याचा ‘हँडिकॅप इंडेक्स’ निघतो. स्त्री असो वा पुरुष, त्याची कमाल मर्यादा ५४.० आहे. फेरी नियमांनुसार खेळलेली आणि किमान एका व्यक्तीच्या सोबतीने झालेली असावी लागते. एकट्याने खेळून आणलेला हिशेब चालत नाही.

उदाहरण घेऊ. समजा, भाईंदरचा एक स्टीलच्या भांड्यांचा कारखानदार नवा सभासद झाला. त्याच्या मैदानाचे पार ७२ आहे. निष्णात खेळाडूला तेथे साधारण किती फटके लागावेत हे सांगणारे कोर्स रेटिंग ७१.० आहे आणि सामान्य खेळाडूला ते मैदान तुलनेने किती अधिक जड जाते हे दाखवणारे स्लोप रेटिंग १२० आहे. स्लोपचा प्रमाण आकडा ११३ मानतात. आपल्या गृहस्थाने तीन फेऱ्यांत अनुक्रमे १०८, ११२ आणि १०४ फटके घेतले. प्रत्येक संख्येतून ७१ वजा करून उरलेल्याला ११३ ने गुणले आणि १२० ने भागले, की ३४.८, ३८.६ आणि ३१.१ हे फरक मिळतात.

आता कोणीही मुनीम सरासरी काढील. पद्धती तसे करीत नाही. केवळ तीन कार्डे असतील, तर ती त्यांतील सर्वांत चांगला फरक घेते आणि त्यातूनही २.० वजा करते. म्हणजे इंडेक्स २९.१ झाला. हा इंडेक्स स्लोपच्या प्रमाणात वाढवून, कोर्स रेटिंग व पार यांतील फरक हिशेबात धरला, की त्या मैदानावरील त्याचा कोर्स हँडिकॅप ३० येतो. याचा अर्थ, हँडिकॅपप्रमाणे खेळण्यासाठी त्याने ७२ अधिक ३०, म्हणजे १०२ फटक्यांत फेरी संपवली पाहिजे. त्याची आजवरची सर्वोत्तम फेरी मात्र १०४ फटक्यांची आहे!

अस्वस्थता येथूनच सुरू होते. पहिल्याच स्पर्धेत ११० फटके होतात, सूट वजा जाता ८० उरतात आणि नाव यादीच्या तळाशी जाते. गृहस्थाला वाटते, आपल्याला दिलेला आकडा चुकला. प्रत्यक्षात आकडा बरोबर असतो. त्याचा अर्थ वेगळा असतो.

सरासरी नव्हे, कुवत

हँडिकॅप हा आपल्या नेहमीच्या खेळाची सरासरी सांगत नाही. आपला दिवस चांगला असताना आपण कोठवर पोहोचू शकतो, ते सांगतो. वीस कार्डे जमा झाल्यावरसुद्धा त्यांतील केवळ सर्वोत्तम आठांची सरासरी धरली जाते. उरलेली बारा नोंदीत राहतात, पण बेरजेत येत नाहीत. त्यामुळे प्रामाणिक हँडिकॅप असलेला खेळाडूदेखील साधारण चार-पाच फेऱ्यांतून एकदाच आपल्या आकड्याला जागतो. व्यापाऱ्याने दिवाळीच्या आठवड्यातील विक्री पाहून दुकानाची कुवत ओळखावी, परंतु आषाढातील मंगळवारी तेवढ्याच गल्ल्याची अपेक्षा धरू नये, तसेच हे आहे.

आरंभीच्या महिन्यांत आकडा बराच हालतो, हेही जाणून असावे. आपल्या गृहस्थाची चौथी फेरी १०२ ची झाली, तर तिचा फरक २९.२ येतो. चार कार्डांवर सर्वोत्तमातून २.० ऐवजी १.० वजा होतो, इंडेक्स २८.२ होतो. पाचवी फेरी ११० ची झाली, की काहीच वजा होत नाही आणि इंडेक्स २९.२ वर जातो. खेळ बिघडला म्हणून तो वाढलेला नसतो. कार्डे वाढल्यामुळे हिशेबाची पायरी बदललेली असते. नव्या पेढीच्या पहिल्या तिमाहीवरून कोणी तिची पत ठरवीत नाही. वीस कार्डे होईपर्यंत या आकड्याकडे त्याच दृष्टीने पाहावे.

मैदान बदलले, की सूटही बदलते. २९.१ इंडेक्सच्या त्याच खेळाडूला स्लोप १३५, कोर्स रेटिंग ७२.५ आणि पार ७२ असलेल्या अवघड मैदानावर ३५ फटके मिळतील. स्लोप १००, रेटिंग ६७.० आणि पार ७० असलेल्या सोप्या मैदानावर २३ मिळतील. इंडेक्स सर्वत्र एकच. गावोगावच्या बाजारभावाप्रमाणे त्याचे मोल मात्र बदलते.

एखाद्या होलवर सारेच बिनसले, तर त्याचीही सोय आहे. हँडिकॅपच्या हिशेबासाठी कोणत्याही होलवर पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर मिळणारी सूट, यापेक्षा जास्त फटके धरले जात नाहीत. पार ४ च्या होलवर दोन फटक्यांची सूट असेल, तर बंकरमध्ये बारा फटके गेले तरी हिशेबात आठच मांडले जातात. एका होलच्या अपघाताने वर्षभराचा ताळेबंद बिघडत नाही.

दोन खोटे ताळेबंद

या व्यवस्थेचा सारा भार खेळाडूच्या शब्दावर आहे. कार्डावर सोबती सही करतो, क्लबची हँडिकॅप समिती नोंदी पाहते. तरीही कोणती फेरी नोंदवली आणि कोणती खिशात राहिली, हे बव्हंशी खेळाडूलाच ठाऊक असते. म्हणून येथे मोह दोन प्रकारचे असतात.

पहिला मोह आकडा लहान दाखवण्याचा. ज्यांच्याशी व्यवहार आहे अशी माणसे क्लबात भेटतात. त्यांच्यासमोर ‘माझा अठरा’ असे सांगणे बरे वाटते. मग केवळ चांगली कार्डे भरली जातात. दुसरा मोह आकडा मोठा ठेवण्याचा. चांगल्या फेऱ्या दडवायच्या, साध्या दिवशी मुद्दाम फटके वाया घालवायचे आणि स्पर्धेच्या दिवशी भरपूर सूट घेऊन चषक न्यायचा. बँकेला दाखवायचा फुगवलेला ताळेबंद आणि करासाठी आक्रसलेला ताळेबंद या दोहोंची ओळख व्यापारी जगाला आहे. त्यांचे शेवटी काय होते, हेही ते जाणते.

पद्धतीनेही काही बंदोबस्त केला आहे. वीस कार्डे झाल्यानंतर, मागील वर्षभरातील आपल्या सर्वांत कमी इंडेक्सपेक्षा ३.० हून अधिक वाढ झाली, तर पुढील वाढ निम्मीच धरतात आणि ५.० च्या वर ती जाऊच देत नाहीत. उलट, इंडेक्सपेक्षा ७.० किंवा त्याहून अधिक सरस अशी फेरी झाली, तर आकडा आणखी १.० ने खाली येतो, १०.० वा अधिक सरस असेल तर २.० ने. परंतु खरा बंदोबस्त नियमांपलीकडचा आहे. चार तास सोबत चालणारी माणसे एकमेकांना पुरेशी ओळखतात. जो खेळात एक फटका लपवतो, त्याच्या बिलातील वजन तपासून घ्यावे, असा विचार सोबत्याच्या मनात येतो. तो बोलत नाही, पण पुढचा सौदा दुसरीकडे होतो. लहान आकड्याने मिळालेली प्रतिष्ठा अशी मोठ्या तोट्याची ठरते.

पहिले वर्ष

नव्या सभासदाने पहिल्या वर्षी तीन सवयी लावून घ्याव्यात. एक, नियमांनुसार खेळलेली प्रत्येक फेरी त्याच दिवशी नोंदवावी. रोजमेळ दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. दोन, आपल्या खेळाची तुलना पारशी न करता सूट धरून करावी. त्यासाठी स्टेबलफर्ड ही गुणांची पद्धत सोयीची आहे : सूट वजा जाता पार झाले तर दोन गुण, एक फटका अधिक लागला तर एक, एक कमी लागला तर तीन. अठरा होलना ३६ गुण म्हणजे हँडिकॅपप्रमाणे खेळ झाला. एखादा होल पूर्ण बिघडला, तर शून्य गुण लिहून चेंडू उचलावा आणि पुढे चालावे; मागच्या मंडळींचा खोळंबाही टळतो. तीन, दुसऱ्याचा आकडा विचारावा तो सूट ठरवण्यापुरता. माणसाची किंमत ठरवण्यासाठी नव्हे.

या पासंगाचा खरा लाभ घरात दिसतो. वडिलांचा कोर्स हँडिकॅप ३० आणि चौदा वर्षांच्या कन्येचा ४१ असेल, तर सामन्यात तिला अकरा सर्वांत अवघड होलवर प्रत्येकी एक फटका मिळतो आणि दोघे बरोबरीने खेळू लागतात. आजोबांचा चेंडू पूर्वीसारखा दूर जात नसेल, तर त्यांचा आकडा मोठा होतो. पण त्यांची जागा कायम राहते. पत्नीने उशिरा खेळ सुरू केला असेल, तर तीही त्याच दिवशी, त्याच मैदानावर, बरोबरीची प्रतिस्पर्धी असते. एरवी तीन पिढ्यांना एकत्र खरी स्पर्धा करता येईल असे खेळ फार थोडे. गोल्फमध्ये ते शक्य होते. कारण प्रत्येकाने आपले उणेपण आधीच कागदावर लिहून दिलेले असते आणि ते लिहिण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही.