पर्शियन मांजराचे कूळ

पर्शियन मांजर म्हटले की लांब रेशमी केसांचे, चपट्या नाकाचे, गादीवर विसावलेले एक संथ जनावर डोळ्यांपुढे उभे राहते. नावावरून त्याचे मूळ इराणात असावे असे कोणीही म्हणेल; परंतु नाव हा कुळाचा पुरावा नव्हे.

सतराव्या शतकाच्या आरंभी पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा प्रवासी इराणात हिंडत होता. (पुढे १६२३ साली तो गोव्यासही आला.) खुरासान प्रांतातील करड्या, लांब केसांच्या मांजरांचे त्याने आपल्या पत्रांत मोठे कौतुक केले आहे. तुर्कस्तानातील अंगोरा मांजरेही युरोपात पोहोचली होती. परंतु आजच्या जातीची खरी घडण झाली ती इंग्लंडात. १८७१ साली हॅरिसन वेअर यांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे प्रदर्शन भरविले आणि तेथून निवडक पैदाशीस चालना मिळाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक तपासणीत या मांजराचे नाते इराणच्या बाजूच्या नव्हे, तर पश्चिम युरोपातील साध्या मांजरांशी अधिक जुळले.

स्वभावाने हे मांजर शांत, मितभाषी व घरकोंबडे. उड्या मारण्यापेक्षा ठरलेल्या जागी बसणे त्यास अधिक प्रिय. गडबड-गोंगाट त्यास मानवत नाही. त्याचे केस मात्र रोज विंचरावे लागतात. नाही तर त्यांच्या गुठळ्या होऊन कातडीस इजा पोहोचते.

माणसाच्या हौसेने केस वाढविले, तसेच नाकही बसविले. एकोणिसाव्या शतकातील चित्रांत या मांजराचे नाक चांगले लांब दिसते. विसाव्या शतकात चपट्या तोंडाची आवड वाढत गेली, आणि तिची किंमत मुक्या जिवाने मोजली. अश्रूंची वाट वाकडी होऊन डोळे सतत पाझरतात, श्वास घेताना घरघर होते, दातांची दाटी होते. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा विकारही या जातीत पसरलेला आहे. आईबापांपैकी एकाकडून दोष आला तरी तो पिलात प्रकटतो. या दोषाचा छडा २००४ साली लागला व आता गालाच्या आतील पुसणीवरूनही तो ओळखता येतो.

तेव्हा असे पिलू घरी आणू इच्छिणाऱ्याने वंशावळीचा कागद अवश्य पाहावा. पण त्याआधी पिलाचा श्वास ऐकावा, नाक पाहावे आणि त्याच्या आईबापांची मूत्रपिंडाची तपासणी झाली आहे काय, हे विचारावे.