छायाचित्राखालचे नाव

वृत्तपत्रातील चित्राखाली ‘संग्रहित छायाचित्र’ असे दोन शब्द छापलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. भाद्रपदात कासच्या पठारावर फुले उमलली, किंवा पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णेचे पाणी चढू लागले, की हे शब्द हमखास भेटतात. ते नीट वाचले तर चित्र कोठे ठेवले होते एवढेच त्यांतून कळते. ते कोणी काढले हे कळत नाही. धान्य कोठारातून आणले असे सांगावे आणि पिकविणाऱ्याचे नाव घेऊ नये, तशातलाच हा प्रकार होय. अलीकडे ‘सौजन्य : इंटरनेट’ असेही लिहितात. पत्राखाली लिहिणाऱ्याच्या सहीऐवजी ‘टपाल खाते’ असे लिहावे, तितकेच ते अर्थपूर्ण आहे!

तेव्हा प्रश्न असा की, एकदा काढून ठेवलेले आणि पुढे मागेल त्याला विकलेले किंवा वापरू दिलेले छायाचित्र छापताना कर्त्याचे नाव देणे हा केवळ शिष्टाचार आहे, की तो त्याचा हक्क आहे?

याचे उत्तर शोधताना मालकी आणि कर्तेपण या दोन गोष्टी प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत. १९११ चा ब्रिटिश कायदा पुढे आपल्याकडेही लागू झाला. त्यात मूळ काचेचा, म्हणजे निगेटिव्हचा, जो मालक तोच छायाचित्राचा कर्ता मानला जाई. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला आणि त्याने ही समजूत मोडली. जो छायाचित्र काढतो तोच कर्ता, असे या कायद्याने स्पष्ट केले. मालकीचा नियम मात्र निराळा राहिला. कराडच्या एखाद्या कुटुंबाने स्टुडिओत पैसे मोजून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक ते कुटुंब ठरते. तरीही कर्ता फोटोग्राफरच असतो.

याच कायद्याचे ५७ वे कलम त्याहून महत्त्वाचे आहे. मालकी हक्क पूर्णपणे विकून टाकला तरी ‘ही कृती माझी आहे’ असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार शिल्लक राहतो, असे ते म्हणते. दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प सरकारच्या मालकीचे होते. तरी शिल्पकार अमरनाथ सहगल यांचा त्यावरील असा अधिकार दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली मान्य केला. कायद्याच्या दृष्टीने शिल्प आणि छायाचित्र या दोन्ही कलाकृतीच आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षे टिकतो. आपल्या पूर्वजाचे कर्तेपण सांगण्याचा अधिकारही तेव्हापासून वारसांना मिळाला आहे.

मग नाव छापले का जात नाही? कारण कायदा नाव सांगण्याचा अधिकार देतो, पण प्रत्येक चित्राखाली नाव छापलेच पाहिजे असा सरसकट हुकूम काढीत नाही. मुद्रकाच्या बाबतीत मात्र तसा हुकूम होता. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आवश्यक केले. त्यामुळे कोणी छापले हे शंभर वर्षांनीही कळते, पण आतले चित्र कोणी टिपले हे कळेलच असे नाही. चित्रकाराची गोष्ट याहून बरी. औंधच्या संग्रहालयात रविवर्मा किंवा धुरंधर यांच्या चित्रांपुढे उभे राहिल्यावर कर्ता कोण, असा प्रश्न पडत नाही. चित्रकाराला कोपऱ्यात सही करता येते. छायाचित्रकाराने तशी सही केलीच, तर छापताना तेवढा कोपरा कापता येतो.

चित्रसंग्रह चालविणाऱ्या संस्थांकडून छायाचित्र घेतले तर परवान्याच्या अटी लागू होतात. बातमीसाठी किंवा लेखासाठी चित्र वापरल्यास छायाचित्रकाराचे व संस्थेचे नाव द्यावे, अशी अट बहुधा असते. जाहिरातीसाठी ती बहुधा नसते. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या मुक्त परवान्यांच्या बहुतेक प्रकारांत पैसे द्यावे लागत नाहीत, पण नाव द्यावेच लागते. फुकट याचा अर्थ बेवारस असा नव्हे.

नाव न दिल्याने बिघडते काय, असे कोणी विचारील. मुंबईत काम सुरू करणाऱ्या होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावाने प्रसिद्ध होत. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. दुसरे उदाहरण परदेशातले. २०१० साली हैतीत भूकंप झाला, तेव्हा डॅनियल मोरेल या छायाचित्रकाराने काढलेली चित्रे भलत्याच माणसाच्या नावाने वृत्तसंस्थांमार्फत जगभर गेली. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ज्यूरीने त्याला सुमारे बारा लाख डॉलर देवविले. पण असा दावा लढविणे पेठेतल्या स्टुडिओवाल्याला परवडणारे नाही. त्याच्या दृष्टीने चित्राखालचे नाव हीच त्याची जाहिरात आणि पुढच्या कामाची शिफारस असते.

शिवाय हा प्रश्न एकट्या छायाचित्रकाराचा नाही. २००५ आणि २०१९ या दोन्ही साली सांगलीत महापूर आला. पुलाशी भिडलेल्या पाण्याचे चित्र समोर आले आणि त्याखाली नाव नाही, तारीख नाही, तर ते कोणत्या पुराचे हे वाचकाने कसे ओळखावे? जुने चित्र आजचे म्हणून फिरले तर नदीकाठच्या घरांत विनाकारण घबराट होते, आणि खरे चित्र आले तरी लोक विश्वास ठेवीत नाहीत. छायाचित्र ही साक्ष असते, आणि साक्षीदाराचे नाव नसलेली साक्ष कोणत्याच कचेरीत चालत नाही.

उपाय फार खर्चाचा नाही. छायाचित्रकाराने बिलावरच ‘छापल्यास नाव द्यावे’ अशी एक ओळ घालावी आणि चित्राच्या फाइलमध्ये आपले नाव व तारीख नोंदवून ठेवावी. मोबाइलवरून पाठविताना ही नोंद पुष्कळदा गळून पडते; म्हणून ती सोबत वेगळी लिहून द्यावी. संपादकांनी, तसेच उत्सवाच्या स्मरणिका काढणाऱ्या मंडळांनी आणि शाळा-महाविद्यालयांनी ‘संग्रहित’ हा शब्द खुशाल वापरावा, पण त्यापुढे नाव आणि वर्ष घालावे. शोध करूनही नाव सापडले नाही, तर ‘छायाचित्रकार अज्ञात’ असे लिहावे. त्याने निदान एवढे तरी कबूल होते की, हे चित्र आपोआप उगवलेले नाही. ते टिपणारा कोणी माणूस होता आणि त्याचे नाव शोधणे अजून बाकी आहे.