बुंध्याभोवतीची एक मीटर माती

शहरातलं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्याने झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही 'तोडण्या'तच धरलं आहे, हे फारसं कुणाच्या गावी नसतं. म्हणून क्लासची पाटी ठोकणाऱ्याला किंवा बुंध्यालगत पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्या ठेकेदाराला आपण काही गैर करतोय असं वाटतच नाही.

एवढ्या मोठ्या झाडाला एका खिळ्याने काय होणार, असं कुणी विचारेल. एका खिळ्याने झाड मरत नाही, हे खरंच. पण झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य खोडं चिरून दाखवलं, की झाड जखमी भाग आतल्या आत अलग पाडतं आणि त्यावर नवं लाकूड चढवतं. जखम कायम राहते, तिच्यातून कुजवणारी बुरशी शिरू शकते, आणि दर नव्या जखमेला झाडाची शिल्लक खर्ची पडते. रोषणाईची तार तर आणखी घातक. पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या पातळ थरातून मुळांकडे उतरतं. खोड जाड होत जातं तशी न सोडलेली तार त्यात रुतते, आणि थर सगळीकडून तुटला की मुळं उपाशी मरतात.

सर्वांत मोठा घाव मात्र जमिनीखाली बसतो. पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दोनेक फुटांतच पसरलेली असतात आणि त्यांनाही हवा लागते. काँक्रीट ती कोंडतं. केबलसाठी खणलेला चर आधाराची मुळं छाटतो. पुढे पावसाळ्यात असं झाड कोसळलं की 'झाडं धोकादायक' म्हणून दुसऱ्यांवर कुऱ्हाड येते, आणि मुळं कुणी तोडली हे विचारलंच जात नाही. फुटपाथ चालण्याजोगा हवा, ही मागणी रास्तच आहे; पण बुंध्याभोवती लोखंडी जाळी बसवली तर माणूस चालतो आणि पाणीही मुरतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढण्याचा आणि खिळे, पाट्या, तारा हटवण्याचा आदेश दिला होता. हाच नियम प्रत्येक महापालिकेने रस्त्याच्या निविदेत अट म्हणून घालावा, आणि ती मीटरभर माती मोकळी दिसल्याशिवाय ठेकेदाराचं बिल मंजूर करू नये. नवी रोपं लावण्याआधी हे व्हायला हवं, कारण पन्नास वर्षांच्या झाडाची सावली परत मिळवायला पन्नास वर्षंच लागतात.