छातीतली नळी निघाल्यावर

हृदयाची शस्त्रक्रिया नीट पार पडते, बाळाचे दूध सुरू होते, आणि एक-दोन दिवसांत छातीतल्या नळीतून येणारे पाणी दुधाळ दिसू लागते. डॉक्टर याला कायलोथोरॅक्स म्हणतात. जेवणातली बहुतेक चरबी आतड्यातून रक्तात थेट न जाता लसिकेत (लिंफमध्ये) उतरते. लसिकेची मुख्य वाहिनी छातीतून वर चढत मानेच्या मुळाशी डाव्या बाजूला शिरेत मिळते. शस्त्रक्रियेत तिला इजा झाली, किंवा शिरांतला दाब वाढला (शिरांतले रक्त थेट फुप्फुसांकडे वळवणाऱ्या फोंटानसारख्या शस्त्रक्रियेनंतर तो वाढतोच), की ही लसिका फुप्फुसाभोवती साचते. चरबीबरोबर प्रथिने आणि रोगाशी लढणाऱ्या पेशीही वाहून जातात. बाळ खंगते, जंतुसंसर्गाला बळी पडते.

गळती थांबली नाही तर ऑक्ट्रिओटाइड हे औषध देतात, वाहिनी बांधतात किंवा आतून बंद करतात. पण बहुतेक मुलांचे काम आहारावरच भागते. नेहमीची चरबी तोडायची आणि एमसीटी, म्हणजे मध्यम साखळीची चरबी द्यायची. ती लसिकेला वळसा घालून थेट यकृताकडे जाते. हे पथ्य साधारण सहा आठवडे, काही ठिकाणी त्याहून कमी चालते. त्यातले बरेच दिवस घरी जातात, आणि उपचाराचा कच्चा दुवा मला इथेच दिसतो. शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात झाली तरी पथ्य अकोले तालुक्यात किंवा जामखेडला पाळायचे असते. अशक्त लेकराला तूप, शेंगदाण्याचा लाडू देणारी आजी मायेनेच देते. ते चूक आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते. संगमनेर-अकोले हा दुधाचा पट्टा, पण घरी साय काढल्याने दूध पुरेसे चरबीमुक्त होत नाही. खोबरेल तेलही चालत नाही. त्यातली बरीचशी चरबी लसिकेच्याच वाटेने जाते.

इतक्या थोड्या मुलांसाठी नवी यंत्रणा कशाला, असे कोणी म्हणेल. नवी नकोच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून आहेत, अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा तपासतात, हृदयरोगाचा संशय आला की पुढे पाठवतात. त्यांनी पाठवलेल्या मुलाचे नाव त्यांच्या वहीत असतेच. रुग्णालयाने दिलेला परतीचा कागद तेवढा त्यांच्याकडे यायला हवा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चरबी तोडल्याने कुपोषण वाढेल, आईचे दूध सुटेल. ही भीती खरी आहे. लांबलेल्या पथ्यात आवश्यक मेदाम्ले आणि अ, ड, ई, के जीवनसत्त्वे कमी पडतात. म्हणूनच पथ्य कोणत्या तारखेला संपते हे त्या कागदावर मराठीत लिहिलेले असावे आणि वजन दर आठवड्याला व्हावे. आईचे दूध तर रुग्णालयात यंत्रात फिरवून चरबी वेगळी करून देता येते, आणि आई दूध काढत राहिली तर पथ्य संपल्यावर बाळ पुन्हा अंगावर पिऊ शकते. पथ्य चालू असताना धाप लागली, बाळ पिईनासे झाले, तर मात्र तारखेची वाट न पाहता छातीचा एक्स-रे काढायचा. त्याची सोय जिल्ह्यातच आहे.