मंजुरी आणि वाटप

माझा नातू आठव्या महिन्यातच आला. वजन दीड किलोच्या आत. काचेच्या पेटीत, नळ्यांच्या जंजाळात निजलेल्या त्या मूठभर जिवाकडे बघत लेकीनं एकच विचारलं, "बाबा, ह्याचा मेंदू नीट वाढेल ना हो?" बँकेत आयुष्य काढलेल्या आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसापाशी याचं उत्तर कुठलं असायला! मी वाचायला बसलो.

वाचता वाचता वाटलं, अरे, हा व्यवहार तर ओळखीचा आहे. मेंदूच्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात. म्हणजे कर्ज मंजूर असतं. पण जनुक जागं होऊन प्रथिन तयार होईपर्यंत हाती काही पडत नाही. तेच वाटप.

मज्जापेशींना जगवणारी, वाढवणारी अशी काही प्रथिनं आहेत. त्यांतलं पहिलं हाती लागलं ते रिटा लेव्ही-मोंताल्चिनी या इटालियन बाईंमुळे. मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी विद्यापीठ बंद झालं, तेव्हा या ज्यू बाईंनी तुरीनच्या घरी, निजायच्या खोलीत, कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग चालू ठेवले. १९८६ साली स्टॅनली कोहेन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. दुसरं प्रथिन 'बीडीएनएफ'. ते १९८२ साली म्युनिकजवळच्या प्रयोगशाळेत वेगळं झालं. डुकराचा दीड किलो मेंदू घेतला, तेव्हा हाती आला ग्रॅमचा जेमतेम दहा लाखावा भाग! एवढ्याशा पुंजीवर हा सगळा संसार.

आणि तिचंही वेळापत्रक असतं. १९९० साली उंदरांच्या मेंदूत दिसलं, की 'एनटी-३' नावाचं भावंड जन्माच्या सुमारास भरपूर असतं आणि मग ओसरतं. बीडीएनएफ आधी कमी असतं आणि मेंदू पक्व होत जातो तसं वाढतं.

इथं मला एक शेतकरी आठवला. सातबाऱ्यावरच्या एका नोंदीसाठी मी त्याचं पीककर्ज अडवून धरलं. पैसे दिले तेव्हा पेरणी उलटून गेली होती. रक्कम पूर्ण होती, कागद चोख होते. तो काही बोलला नाही. सही करून गेला.

लेकीला मी हे सांगितलं नाही. मॉन्ट्रियलचं सांगितलं. मायकेल मीनी आणि सहकाऱ्यांना २००० साली आढळलं, की ज्या उंदीरमाता पिल्लांना जास्त चाटतात, त्यांच्या पिल्लांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या स्मरणाच्या भागात बीडीएनएफचं जनुक अधिक बोलतं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही सांगितलं. बँकेची सवय, अटी वाचून दाखवल्याशिवाय चैन पडत नाही.

तिनं पुढचं ऐकलंच नाही. नर्सबाईंना विचारून हात धुतले, बाळाला उघड्या छातीशी घेतलं आणि वर पदर ओढला. दुपारी चहा आणला, तो तसाच गार झाला.